सुई नेमकी कुठे टोचायची?

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग हा मोठा बेभरवशाचा आजार. कित्येक म्हातारे तो अंगात बाळगून वर्षानुवर्षं हिंडतात-फिरतात आणि शेवटी भलत्याच दुखण्याने जातात. काहींच्या बाबतीत तोच हाडांपर्यंत पोचतो. ऑपरेशन सरसकट करावं, तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही पणाला लागतात. त्यामुळे गाठ सापडली एवढ्यावर भागत नाही. ती किती आक्रमक आहे, हे कळावं लागतं.

त्याचं मोजमाप मिनियापोलिसमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले डोनाल्ड ग्लिसन यांनी १९६०च्या दशकात ठरवलं. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींची घडी जितकी विस्कटलेली, तितका आकडा मोठा. प्रमुख दोन नमुन्यांची बेरीज करायची. ३+४ आणि ४+३, दोन्ही सातच. पण दुसरा सात अधिक वाईट. गणिताच्या मास्तरांना हे पटणार नाही.

मात्र हा आकडा सुईत आलेल्या तुकड्यापुरताच खरा. अक्रोडाएवढ्या ग्रंथीत सोनोग्राफीच्या आधाराने दहा-बारा ठिकाणी टोचायचं, ही जुनी रीत. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, गाठ बऱ्याचदा दिसत नाही. ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ या अभ्यासाने २०१७मध्ये या रीतीची झाडाझडती घेतली. ५७६ पुरुषांची एमआरआय आणि नेहमीची बायोप्सी झाली. शिवाय दर पाच मिलिमीटरवर सुई घालून अख्खी ग्रंथी तपासली गेली. नेहमीच्या बायोप्सीने गंभीर कर्करोगांपैकी ४८ टक्केच पकडले होते. एमआरआयने ९३ टक्के.

एमआरआय पाण्याची हालचाल टिपतो. गाठीत पेशींची इतकी दाटी असते, की पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. पण जुनी सूजही कधीकधी गाठीसारखीच दिसते. संशयाला १ ते ५ गुण देतात. ३ आला, की डॉक्टर आणि पेशंट दोघेही अधांतरी.

इथे पेट स्कॅन मदतीला येतो. प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर ‘पीएसएमए’ नावाचं प्रथिन असतं, आणि गाठ जितकी आक्रमक तितकं ते साधारणपणे जास्त. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवून शिरेतून सोडतात; तो जिथे चिकटतो, ती जागा चित्रात उजळते. यासाठीचा गाजलेला रेणू जर्मनीतल्या हायडेलबर्गचा. गॅलियमचं अर्धायुष्य अवघं ६८ मिनिटं, म्हणजे माल जिथल्या तिथे बनवून लगेच वापरायचा. तरी हा दिवाही निर्दोष नाही: काही गाठी पीएसएमए बाळगतच नाहीत, आणि लाळग्रंथी मात्र विनाकारण उजळतात.

दोन्ही यंत्रं एकत्र बसवणं सोपं नव्हतं. पेटमधला क्षीण प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांमध्ये इलेक्ट्रॉन धावतात, आणि एमआरआयचं चुंबक त्यांना वाटेतच भरकटवतं. नळ्यांच्या जागी अर्धवाहक डायोड आले, तेव्हा कुठे २०१०मध्ये म्युनिकला सीमेन्सचं एकाच वेळी दोन्ही चित्रं घेणारं यंत्र बसलं. तिथल्याच गटाने २०१६मध्ये ५३ रुग्णांचा हिशेब मांडला: नुसत्या एमआरआयने ६६ टक्के रुग्णांत कर्करोग दिसला, नुसत्या पेटने ९२, दोन्ही मिळून ९८.

एवढं महागडं यंत्र हवंच असं नाही. सिडनीच्या लुईस एमेट आणि सहकाऱ्यांनी ‘प्रायमरी’ या अभ्यासात २९१ पुरुषांची एमआरआय आणि पीएसएमए पेट-सीटी वेगवेगळी करून चित्रं ताडून पाहिली. गंभीर कर्करोग पकडण्याचं प्रमाण ८३वरून ९७ टक्क्यांवर गेलं. खोट्या घंटाही मात्र वाढल्या. म्हणजे या जोडीचा खरा उपयोग ‘नाही’ म्हणताना होतो: दोन्ही चित्रं स्वच्छ असतील, तर सुई टाळण्याचा विचार बऱ्याच भरवशाने करता येतो. डाग दिसला, तर निकाल अजूनही ग्लिसनच्या काचपट्टीवरच लागतो. फक्त सुई कुठे घालायची, ते आधी ठाऊक असतं.

भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आता मुंबई-पुण्यात पीएसएमए पेट-सीटी नेहमीची झाली आहे. इंजेक्शननंतर साधारण तासभर बसायचं, आणि टेबलावर जाण्याआधी सूचना मिळते: “काका, लघवी करून या.” गॅलियमचा बराचसा भाग मूत्राशयात उतरतो, आणि मूत्राशय प्रोस्टेटच्या थेट डोक्यावर. ते भरलेलं राहिलं, तर त्याच्या झगमगाटात खालची बारीकशी गाठ दिसेनाशी होते.