बिनकाट्याचा निवडुंग लावताना



बांधावरचा काटेरी फड्या निवडुंग आपल्या ओळखीचा आहे. दुष्काळात त्याचे काटे भाजून जनावरांपुढे टाकायची वेळही लोकांवर आलेली आहे. त्याचाच भाऊबंद, बिनकाट्याचा निवडुंग, मूळचा मेक्सिकोचा. कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी तो आता आपल्याकडेही लावतात. पण नवख्या माणसाची पहिली लागण पुष्कळदा मरते, आणि ती बहुधा जास्त पाण्यानं मरते.

असं का होतं? आपण ज्याला पान म्हणतो तो फडा म्हणजे या झाडाचं खोड. त्याच्या १० भागांत जवळजवळ ९ भाग पाणीच असतं. इतर पिकं दिवसा श्वसनरंध्रं उघडतात, हा गडी रात्री उघडतो, म्हणून उन्हात त्याचं पाणी फारसं उडत नाही. म्हणजे कापलेल्या फड्याजवळ आपली शिदोरी असतेच. ताजी जखम ओल्या मातीत पुरली की तो खालून काळा पडून पिचपिचीत होतो.

म्हणून वर्षाचा, पक्का, निरोगी फडा निवडा. कोवळा घेऊ नका. धारदार, स्वच्छ सुरीने सांध्यावर कापा. हाताला गोणपाट गुंडाळा बरं का! काटे नसले तरी बारीक कुसळं असतात, ती बोटात शिरली की लवकर निघत नाहीत. फडे सावलीत दोन आठवडे ठेवून जखम वाळू द्या. थोडे सुरकुतले तरी घाबरू नका.

जमीन मुरमाड, निचऱ्याची हवी. भारी काळ्या रानात लावायचंच असेल तर उंच वरंब्यावर लावा. पावसाचा जोर ओसरल्यावर, चांगलं कुजलेलं शेणखत घालून, फड्याचा तिसरा हिस्सा मातीत उभा पुरा. चपट्या बाजू पूर्व-पश्चिमेला करा. आठवडाभर पाणी नको. पुढे चार बोटं माती उकरून बघा. ओल लागली तर पाणी देऊ नका.

काटे नाहीत, तेव्हा शेळ्या सोडणार नाहीत. कुंपण आधी करा.

चारा म्हणून फड्याचे बारीक तुकडे करून कडब्यात मिसळा. नुसता घातला तर जनावर पातळ शेण टाकतं. त्यात प्रथिनं कमी असतात, तेव्हा पेंड बंद करू नका. सुरवात थोड्यावर करा.

फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर एक चिरडून पाहा. लाल रंग निघाला तर ती कोचिनील कीड. काटेरी निवडुंग माजला होता तेव्हा त्याचा नायनाट करण्यासाठी १९२६ साली ती मुद्दाम भारतात आणली होती. बिनकाट्यालाही ती सोडत नाही. असे फडे लगेच कापून खोल गाडा. बांधावर फेकाल तर ते तिथंच मुळ्या धरतील, आणि कीडही पोसतील.