लाडाचा घास मोजून द्या

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा लठ्ठ कुत्र्याला पळवून बारीक करू पाहणं धोक्याचं. त्याला धाप लागते, उष्माघात होऊ शकतो. वजन उतरवायचं ते ताटातूनच. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर अभ्यासले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, त्यांची सांधेदुखीही लांबणीवर पडली. ‘मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं?’ हा प्रश्न मायेचा आहे. पण मोजून देणं म्हणजे उपासमार नव्हे. काही लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय दोष असतो, म्हणून तर त्यांच्या मागण्यावर वाटी ठरवू नये. वजनामागे थायरॉइडचा दोष नाही ना, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, आणि चहासोबतचं बिस्किट मात्र आजच बंद करा.