लागारफ्ल्योतचा अजगर



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काहींना वाटले असेल, की बोवा आज राक्षसाची गोष्ट सांगणार. गोष्ट सांगणारच आहे. परंतु तिच्या पोटात एक कोडे आहे, आणि ते सोडवायला थोडे धीराने पाहणे, एवढेच भांडवल पुरते.

युरोपच्या वायव्येला, उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी खाली, आइसलंड नावाचे बेट आहे. त्याच्या पूर्व भागात लागारफ्ल्योत हे लांबट सरोवर आहे. त्याची खोली ११२ मीटरपर्यंत जाते. हिमनद्यांनी खडक दळून केलेले बारीक पीठ त्यात सतत येत असल्यामुळे पाणी गढूळ असते आणि हातभर खालचेही दिसत नाही. तळातून वायूचे बुडबुडे उठतात, हिवाळ्यात बर्फाला त्यामुळे भोके पडतात. अशा पाण्यात काही राहत नसेल, असे मानणेच माणसाला जड जाते. आपल्याकडेही ज्या डोहाचा तळ दिसत नाही, तिथेच आसरांचे ठाणे असते; गुडघाभर ओढ्यात त्या सहसा राहावयास येत नाहीत!

तेथली दंतकथा अशी : एका मुलीला आईने सोन्याचा दागिना दिला. सोने वाढावे म्हणून तिने तो एका लहानशा किड्याबरोबर पेटीत ठेवला. काही दिवसांनी पाहते तो किडाच इतका वाढलेला, की पेटी फुटायला आलेली. घाबरून तिने पेटी सोन्यासकट पाण्यात फेकली. किडा तिथेही वाढतच राहिला, विष ओकू लागला, माणसे-जनावरे मारू लागला. सरोवरात काही अद्‌भुत दिसल्याची नोंद सन १३४५ च्या बखरीतही आहे : पाण्यावर बेटांसारखे उंचवटे दिसतात, डोके किंवा शेपूट मात्र दिसत नाही. एवढी जुनी कुळी असलेला जलचर जगात विरळाच.

आता कोड्याकडे येऊ. २०१२ च्या फेब्रुवारीत या सरोवराला मिळणाऱ्या एका नदीच्या काठच्या शेतकऱ्याने काहीतरी पाहिले आणि त्याचा व्हिडिओ घेतला. बर्फाचे तुकडे असलेल्या थंडगार पाण्यात एक लांबलचक, बर्फाने माखलेली आकृती सापासारखी नागमोडी वळत, प्रवाहाविरुद्ध चाललेली दिसते. तेथल्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने ते दाखवले आणि बघता बघता जगभर लक्षावधी लोकांनी पाहिले. ‘हाच तो अजगर’ असे एक पक्ष म्हणाला. दुसऱ्याने लबाडीचा संशय घेतला.

चित्र खोटे नसेल, तर त्यातला प्राणी खरा असलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. शेतकऱ्याने जे दिसले तेच प्रामाणिकपणे टिपले, असे मी धरून चालतो. प्रश्न उरतो तो त्याला काय दिसले याचा.

फिनलंडमधील एका अभ्यासिकेने साधी गोष्ट केली. तिने आकृतीच्या वळणांवरची नजर काढली आणि आकृती जागा बदलते काय, एवढेच पाहिले. ती बदलत नव्हती! वळवळ पुष्कळ, पण प्रगती शून्य. स्थानकात शेजारची गाडी सुटली, की आपलीच गाडी उलट्या दिशेने निघाल्याचा भास होतो, तो आपण सर्वांनी अनुभवला आहे. इथे पाणी खाली धावते आहे, म्हणून स्थिर वस्तू वर सरकल्यासारखी वाटते. तळाशी अडकलेले, बर्फ धरलेले मासे पकडण्याचे जाळे किंवा तसलेच काही असावे, असा तिचा निष्कर्ष.

पण मग सापासारखी वळणे कुठून आली? उत्तर आपल्या नदीच्या घाटावर आहे. लुगडे खळबळताना एक टोक हातात धरून बाकीचे प्रवाहात सोडा. लुगडे कुठेच जात नाही, परंतु हाताकडून पदराकडे एकामागून एक लाटा पळत राहतात. आता गंमत पाहा : साप पोहतो तेव्हाही त्याच्या अंगावरून लाट डोक्याकडून शेपटाकडेच जाते, आणि त्या रेट्याने तो पुढे सरतो. धरून ठेवलेले लुगडे आणि पोहणारा साप यांच्या वळणांत म्हणूनच डोळा फसतो. फरक एकच : काठावरच्या एखाद्या दगडाशी ताडून पाहिले, तर साप पुढे गेलेला असतो, लुगडे नाही. शिवाय आइसलंडात मुळात सापच नाहीत.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु तेथल्या नगरपालिकेने १९९७ मध्ये अजगराचा पुरावा देणाऱ्यास ५,००,००० क्रोनांचे बक्षीस जाहीर केले होते. शेतकऱ्याने ते मागितले. मग १३ जणांची समिती बसली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या ७ जणांनी चित्रातला तो अजगरच, असा कौल दिला. बक्षीस शेतकऱ्याला द्यावे, असे ठरले. आपल्या गावच्या दंतकथेचा मान राखावासा वाटणे मी समजू शकतो, आणि बक्षिसाबद्दल त्याचा हेवाही करीत नाही. परंतु एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर तीच आकृती जाळे ठरली असती काय?

तज्ज्ञही अशा चित्रांत चुकतात. स्कॉटलंडच्या नेस सरोवरात १९६० साली टिम डिन्सडेल यांनी टिपलेली चित्रफीत ब्रिटिश हवाई दलाच्या छायाचित्र-तज्ज्ञांनी १९६६ मध्ये तपासली आणि वस्तू बहुधा सजीव असावी, असे मत दिले. पुढे बारकाईने पाहणाऱ्यांना तीत साधी होडी दिसली. त्याच सरोवराचे पाणीच २०१८ मध्ये तपासले गेले. प्रत्येक प्राणी त्वचेचे, विष्ठेचे कण पाण्यात सोडतो आणि त्यांतून त्याचा वंश ओळखता येतो. न्यूझीलंडचे नील गेमेल व त्यांच्या सहकाऱ्यांना सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस लागला नाही. वाम माशाच्या खुणा मात्र भरपूर सापडल्या. चित्राशी वाद घालण्यापेक्षा पाण्यालाच विचारणे हे अधिक सरळ.

लागारफ्ल्योतच्या कथेचा शेवट सांगायचा राहिला. त्या अजगराला मारण्यासाठी आणि सोने वर काढण्यासाठी लोकांनी फिनलंडच्या बाजूचे दोन जाणकार बोलावले होते. त्यांना तो मारता आला नाही. त्यांनी एवढेच केले, की त्याचे डोके आणि शेपूट तळाशी घट्ट बांधून टाकले. तेव्हापासून तो पाठ उंचावतो, पण जागचा हलत नाही.