घरच्या ज्वारीच्या लाह्या

वरोऱ्याकडील काळ्या रानांत कापूस व सोयाबीन यांनीं ज्वारीस मागें सारलें, आणि मुलांच्या न्याहारीस विकतची पुडी आली. लाह्या मात्र मुलांस हाताशीं घेऊन घरींच होतात. ज्वारी कढत पाण्यांत थोडा वेळ ठेवून निथळावी व रात्रभर फडक्यांत बांधून ठेवावी. सकाळीं लोखंडी कढई चांगली तापवून मूठ मूठ दाणे टाकावे व फडक्याच्या बोळ्यानें हलवावे. दाण्यांतील ओलीची वाफ होऊन तो फुटतो. अगदीं कोरडा किंवा फार ओला दाणा फुलत नाहीं. आम्हीं एकदां घाई केली, तों निम्मे गणंगच राहिले! विस्तव मोठ्यांनीं सांभाळावा, गणंग मुलांनीं वेंचावे. दूधगुळाबरोबर खाव्या, अगदीं लहानग्यांस दळून पीठच द्यावें. एवढ्यासाठीं चार तासें ज्वारी अवश्य पेरावी.