एकाच पीसीवर बॉइंक आणि फोल्डिंग ॲट होम: वाटणी कशी करायची?

आजचा प्रश्न: बर्कलीचं बॉइंक आणि प्रोटीनवालं फोल्डिंग ॲट होम एकत्र चालतात का? चालतात. पण दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. तेच कोअर दोघं ओढतात. काम रखडलं, डेडलाइन हुकली की सर्व्हर ते दुसऱ्याला देतो. तुमची वीज फुकट!

माझी वाटणी, 8 कोअरची: ग्राफिक्स कार्ड फोल्डिंगला, त्याला डेटा पुरवायला 1 कोअर. बॉइंकला 75 टक्के सीपीयू, म्हणजे 6 कोअर, जीपीयू बंद. उरलेला 1 आपल्या ब्राउझरला.

तरी बॉइंक मधेच थांबतंय? इतर प्रोग्रॅमचा वापर वाढला की थांबायची सेटिंग त्यात असते, आणि फोल्डिंगही त्याला ‘इतर’च वाटतं. ती टिक काढा. मग दिवसभर तापमान बघा. जास्त वाटलं तर टक्के उतरवा.