थोडं लांबूनच बघू या!

बालदोस्तांनो, 'सफर' हा शब्द तुम्हाला माहीत आहेच. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला 'सफारी' हा शब्द त्याचाच भाऊ बरं का! दोघांचं मूळ अरबी भाषेत आणि अर्थही एकच : प्रवास. स्वाहिलीत सिंहाला म्हणतात 'सिंबा', हत्तीला 'टेंबो', जिराफाला 'ट्विगा' आणि चित्त्याला 'डुमा'. एवढे चार शब्द पाठ करा आणि चला माझ्याबरोबर चार दिवसांच्या सफारीला. कुठे? केनियाला!

बॅग भरताना

मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. आईबाबांनी एक काम आधीच करायचं : पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि दाखला जपून ठेवायचा.

प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र घरीच ठेवा. केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. कपडे खाकी, मातकट रंगाचे घ्या. आणि दुर्बीण अजिबात विसरू नका. का, ते पुढे कळेलच!

पहिला दिवस : शहराला चिकटलेलं जंगल

नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ साली सुरू झालं. क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस किलोमीटर. इथे जिराफ चरत असतो आणि त्याच्या मानेमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात!

याच उद्यानात १९८९ साली केनियाने १२ टन हस्तिदंत जाळून टाकलं. २०१६ साली तर तब्बल १०५ टन! तुम्ही म्हणाल, एवढी महाग वस्तू जाळायची कशाला? विकली असती तर? अहो, पण विक्री चालू राहिली की दातांसाठी आणखी हत्ती मारले जातात. हस्तिदंत शोभतं ते हत्तीलाच, हेच केनियाला सगळ्या जगाला सांगायचं होतं.

दुसरा दिवस : गवताचा समुद्र

भूगोलाच्या पुस्तकात 'खचदरी' वाचली आहे ना? नैरोबीहून मसाई माराकडे जाताना ती प्रत्यक्ष दिसते. पाचसहा तासांच्या प्रवासानंतर लागतो सॅव्हानाचा गवताळ प्रदेश. मारा अभयारण्य सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं. पलीकडे टांझानियाचं सेरेंगेटी. मध्ये कुंपण नाही. म्हणून तर दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट पावसामागे, कोवळ्या गवतामागे फिरत राहतात. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास ते माराकडे असतात.

तिसरा दिवस : चित्ता आणि वीस गाड्या

चित्ता बहुतेक वेळा दिवसा शिकार करतो, कारण सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावून घेतात. पण दिवसाच तर आपण पर्यटक फिरत असतो! एक गाडी थांबते. वायरलेसवर निरोप जातो. बघता बघता वीस गाड्या गोळा होतात. हरणं सावध होऊन पळतात आणि चित्ता उपाशी राहतो. चित्त्याची मादी असेल तर तिची पिल्लंही उपाशी.

मारामधल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची फार गर्दी होती, तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लंच मोठी होईपर्यंत जगली. जिथे गर्दी कमी होती, तिथे २.३. आता गणित करा पाहू! दहा वेतांमागे इकडे दोन पिल्लं, तर तिकडे तेवीस!

एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, रस्ता सोडून गाडी घालायची नाही, असे माराचे नियम आहेत. पण "काका, अजून जवळ घ्या ना!" असा हट्ट आपणच धरला, तर चालककाका काय करणार? पाहुणे खूश व्हावेत, असंच त्यांना वाटतं. म्हणून आईबाबांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवावं, "आम्हाला जवळ जायची घाई नाही. नियम मोडू नका." कळलं ना आता, दुर्बीण कशाला घेतली ते?

चौथा दिवस : जमीन कोणाची?

केनियातले निम्म्याहून जास्त वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर राहतात! माराभोवतीची बरीच जमीन मसाई कुटुंबांची आहे. त्यांची गुरं तिथे चरतात. सिंहाने गाय मारली, तर नुकसान त्यांचं. उद्या त्यांनी कुंपण घातलं, तर प्राण्यांची वाट बंद.

यावर एक चांगला तोडगा निघाला आहे. अनेक कुटुंबं आपल्या जमिनी एकत्र करून प्राण्यांसाठी मोकळ्या ठेवतात आणि पर्यटकांचे तंबू चालवणारे त्यांना भाडं देतात. तिथे तंबू मोजके, गाड्याही मोजक्या. म्हणून पालकांनो, राहायची जागा ठरवताना दोन प्रश्न जरूर विचारा : जमिनीचं भाडं मसाई कुटुंबांना मिळतं का? आणि गावातली किती माणसं इथे कामाला आहेत?

मुलांनो, आपल्या देशातही चित्ता होता. तो संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. त्यानंतर थेट २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले गेले. मध्ये सत्तर वर्षं गेली! मारामध्ये तो अजून आहे, पिल्लं वाढवतो आहे.

केनियाला जायला प्रत्येकाला जमेल असं नाही. पण ताडोबाला गेलात, तरी वाघासमोर गाड्यांची अशीच दाटी होऊ शकते. तेव्हा हळूच सांगा, "काका, पोले पोले!" स्वाहिलीत याचा अर्थ आहे, सावकाश, सावकाश. आणि त्यांनी गाडी लांबच थांबवली, तर 'असांते' म्हणायला विसरू नका. असांते म्हणजे धन्यवाद!