एकाच उंचवट्यात लपलेली दोन शिखरं कॉम्प्युटर कशी वेगळी करतो?

खेळण्याच्या रंगात शिसं आहे की आर्सेनिक, हे तपासायला पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र मिळतं: एक्सआरएफ. ते वस्तूवर क्ष-किरण सोडतं. मग त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत पाठवतं आणि स्क्रीनवरच्या आलेखात त्या जागी शिखर दिसतं. इंग्रजीत त्याला पीक म्हणतात, शेतातलं पीक नव्हे!

गोची इथेच आहे. आर्सेनिकचं मुख्य शिखर 10.54 केईव्ही ऊर्जेवर येतं, शिशाचं 10.55 वर. एवढा बारीक फरक डिटेक्टरला दिसत नाही. दोघांचा मिळून एकच उंचवटा दिसतो.

यावर उपाय म्हणजे कर्व्ह फिटिंग. कॉम्प्युटर प्रत्येक शिखरासाठी घंटेच्या आकाराची एक रेषा धरतो. मग रेषांची उंची, रुंदी, जागा थोडी थोडी बदलत त्यांची बेरीज खऱ्या आलेखाशी जुळवतो.

मी हे पायथॉनमध्ये करून बघितलं. दोन खोटी शिखरं बनवली, थोडा नॉइज मिसळला. शिखरं जरा लांब होती तेव्हा उत्तर बरोबर आलं. अगदी जवळ आणली, तर दर वेळी वेगळंच उत्तर! गंमत म्हणून पाच शिखरं शोधायला सांगितली, तर पठ्ठ्याने पाचही काढून दिली आणि रेषा आणखी छान जुळली. म्हणजे रेषा जुळली म्हणून उत्तर खरं, असं नाही.

मग शिसं कसं ओळखायचं? त्याचं दुसरं मोठं शिखर 12.61 वर येतं आणि तिथे आर्सेनिकची लुडबुड नसते. शिशाच्या दोन्ही शिखरांचं एकमेकांशी प्रमाण आधीच मोजून ठेवलेलं असतं. त्यावरून 10.55 वर शिशाचा वाटा किती, ते कळतं. तो वजा केला की उरलं ते आर्सेनिक. चहा-वडापावचं बिल 50 रुपये आणि चहा 20 चा, तर वडापाव 30 चा, तसंच.

पण शिसं भरपूर आणि आर्सेनिक चिमूटभर असेल, तर शिशाच्या मोजणीतली छोटी चूकही आर्सेनिक म्हणून दिसू शकते. अशा वेळी नमुना लॅबमध्येच तपासायला हवा.

थोडक्यात, आकडेमोड कॉम्प्युटर करतो. पण शिखरं किती आणि कुणाची, हे आपणच सांगायचं असतं.